देवाला न चालणारं फूल

जास्वंद सकाळी सहाला जायची,
कण्हेर त्याच्याही आधी.
टिपणीसबाई तळजाईला फिरायला निघायच्या,
एका हातात आकडी, दुसऱ्या हातात दुधाची धुतलेली पिशवी,
आणि कुंपणातून आत येणारा तो हात इतका सवयीचा
की माझा कुत्रा त्याच्यावर भुंकायचं विसरला होता.

मी वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं काढली.
चोरी मला ग्रॅममध्ये कळते.

म्हणून त्या वर्षी साल्व्हिया.
हडपसरच्या नर्सरीतला पोरगा म्हणाला,
काका, हे देवाला चालत नाही.
म्हटलं, दे. दोन पाकिटं दे.

पाकिटामागे बारीक अक्षरात:
बी मातीने झाकू नये, रुजायला उजेड लागतो.
मला पटेना.
आत देवघरात घट बसलेले, धान्य काळ्या मातीखाली,
जसं असायला हवं तसं;
आणि बाहेर पायरीवर, जुन्या क्रेटमध्ये,
हे उघडंच पडलेलं, लाज नसल्यासारखं.
मी दोनदा चिमूटभर माती उचलली
आणि दोनदा परत ठेवली.
दसरा उलटला, घटाचं पिवळं धान विसर्जन होऊन गेलं,
तेव्हा कुठे याने डोळा उघडला.

रोपं लावली कुंपणापासून दीड हात आत. मोजून.

शेंडा खुडावा लागतो, सहा पानांवर.
नाहीतर एकच दांडी वर जाते आणि वाऱ्याने आडवी होते.
खुडताना वाईट वाटतं, हे कुठल्याच पाकिटावर लिहीत नाहीत.
बोटांना दिवसभर वास राहिला,
होमिओपॅथीच्या जुन्या कपाटासारखा.

डिसेंबरात पेटला.
समोरच्या बंगल्याचा ड्रायव्हर
गाडी मागे घेताना दोनदा ब्रेक दाबायचा.
शिंजीर आला, अर्धा काळा, अर्धा मळका,
कपडे बदलता बदलता कुणी दार वाजवावं तसा.
बाई थांबल्या. पिशवी रिकामी.
हे काय लावलंत?
साल्व्हिया.
चालतं?
नाही.
मग कशाला?

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं,
तरी मी जिंकल्यासारखा हसलो.

जानेवारीत जास्वंद दुपारपर्यंत झाडावर.
पहिल्या दिवशी बरं वाटलं.
चौथ्या दिवशी मोजली: बावीस.
माप पुरं भरत होतं
आणि काटा काही मधोमध येईना.
दूधवाल्याने सांगितलं, बाई मोरीत पडल्या. खुब्याचं हाड.

जास्वंद न्यावी, तर ती संध्याकाळी मिटणार.
कात्रीने सहा दांड्या कापल्या साल्व्हियाच्या,
पेपरात गुंडाळल्या, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
बाई पलंगावर, समोर देव्हारा.
सुनेला सकाळी सातची शिफ्ट, देव चार दिवस पारोसे.
आडव्या पडल्या पडल्याच त्यांनी बोट दाखवलं: तिकडे ठेवा.
अहो पण, चालत नाही ना.
बघू, म्हणाल्या, काही बोलला तर कळवते.

या फुलाचं एक आहे.
आतली नळी गळून जाते, खाली पायरीवर लाल कचरा होतो,
पण बाहेरची टोपी दांडीवर तशीच लाल राहते, महिनाभर.
रस्त्यावरून कुणाला समजत नाही काय गेलं.
शिंजिराला समजतं. तो येत नाही.

फेब्रुवारी संपता संपता त्या टोप्या उलट्या करून बघितल्या.
प्रत्येकीत काळं बी, तीन, कधी चार.
बाई आता आकडी उलटी धरून
पलंगापासून खिडकीपर्यंत चालतात.
खालून मी विचारलं, काही बोलला का?
अजून तरी नाही.

बी विजेच्या बिलाच्या पाकिटात भरलं.
वर लिहिलं: झाकू नये.
मग पेन्सिलीने, जरा तिरकं:
कुंपणाला लागून. हात पोचेल असं.